गोल्फचे नवे वुड्स आणि वेजेस: जानेवारी ते ऑक्टोबर 2024च्या नोंदी

हँडिकॅप इंडेक्स (खेळाची पातळी सांगणारा आकडा, जितका कमी तितका खेळ चांगला) 6.2, वय 46. खेळतो पुण्यात, येरवड्याला, आणि महिन्या-दीड महिन्यातून एखादी फेरी चेंबूरला. ड्रायव्हरचा (सगळ्यात लांब मारायचा क्लब) स्विंग स्पीड ताशी 101-102 मैल. आयर्न (मधल्या अंतराचे क्लब) दोन वर्षांपूर्वीच बदलले, पटरला (होलभोवतीच्या ग्रीनवर बॉल ढकलायचा क्लब) हात लावायचा नाही. बदलायचे ते फक्त वरचे वुड्स (ड्रायव्हरसारखे लांब मारायचे) आणि खालचे वेजेस (जवळून उंच मारायचे). बजेट 1,20,000 रुपये. सिंगल डिजिटला येऊन अडकलेल्या कुणाला हेच करायचं असेल तर माझे चुकलेले पैसे तरी त्याचे वाचावेत, म्हणून तारखेनिशी लिहून ठेवतोय.

14 जानेवारी, रविवार

काही विकत घेण्याआधी जुन्या बॅगेचा हिशोब केला. क्लब दुरुस्त करणाऱ्याकडे जाऊन सगळ्यांचे लॉफ्ट (फेसचा, म्हणजे बॉलला लागणाऱ्या बाजूचा, कल अंशांत) मशिनवर मोजून घेतले. 52 लिहिलेला वेज निघाला 51, 60 लिहिलेला निघाला 61. मग मित्राचा छोटा लाँच मॉनिटर (फटका मोजणारं यंत्र) घेऊन सकाळी साडेसहाला रेंजवर, सरावाच्या मैदानावर, गेलो. रेंजचे बॉल नाही, माझे नेहमीचे बॉल. प्रत्येक क्लबचे दहा फटके मारले, सगळ्यात लांबचे दोन आणि आखूड दोन सोडून दिले आणि बाकीच्यांची सरासरी काढली. सगळे आकडे यार्डांत, नुसता कॅरी (बॉल हवेतून गेलेलं अंतर):

ड्रायव्हर 243, थ्री वुड 222, थ्री हायब्रिड (वुड आणि आयर्न यांच्या मधला प्रकार) 201, फोर हायब्रिड 195, फाइव्ह आयर्न 182. खाली पिचिंग वेज 131, मग 52चा 109, 56चा 97, 60चा 80.

दुखणं कागदावर लगेच दिसलं. दोन हायब्रिडमध्ये फक्त 6 यार्ड, म्हणजे एका कामाला दोन माणसं. पिचिंग वेज आणि 52 यांच्यात मात्र 22 यार्डांचा खड्डा. कारण साधं आहे. जुन्या सेटचा पिचिंग वेज 47 अंशांचा होता, नव्याचा 44 आहे. आयर्न बदलले तेव्हा वेजेसकडे पाहिलंच नाही. गेल्या 20 फेऱ्यांची स्कोअरकार्डं चाळली. 105 ते 130 यार्डांतून मारलेले फटके 61, त्यांतले ग्रीनवर थांबलेले 24. दोन वर्षं मी याला स्विंगचा दोष समजत होतो.

28 जानेवारी

इनडोअर फिटिंग (फटके मोजून क्लब जुळवून देणं), 3,500 रुपये. पडद्यावर स्पिन (बॉलचे मिनिटाला फेरे) 2,150 दिसला, लाँच (बॉल निघतानाचा कोन) 12 अंश. आकडे बघून हरखलो आणि 9 अंशांचा ड्रायव्हर तिथंच घेतला, 54,000 रुपये. या प्रकल्पातली ही पहिली मोठी चूक.

18 फेब्रुवारी

तीन आठवडे खेळून झाले. वाऱ्याविरुद्ध बॉल वर चढतो आणि उभाच्या उभा पडतो. उघड्या रेंजवर रडारने फटके मोजणाऱ्या सेटअपवर तासभर घेतला (3,000 रुपये). खरा स्पिन 3,100च्या आसपास.

जानेवारीतला आकडा मोजलेला नव्हता, अंदाजलेला होता. रडारला बॉलचा स्पिन वाचायला बॉलचं पुरेसं उड्डाण लागतं. बंद खोलीत चार-पाच मीटरवर जाळी असेल, तर बॉलवर धातूची टिकली लावावी लागते किंवा त्यासाठीच बनवलेला बॉल घ्यावा लागतो. आमच्याकडे दोन्ही नव्हतं. शिवाय सेटिंग समुद्रसपाटीचं होतं आणि पुणं आहे 560 मीटर उंचीवर. फिटिंगला जाल तेव्हा फटका मारण्याआधी एवढंच विचारा: हा स्पिन मोजलेला आहे की काढलेला?

स्पिन इतका का येतोय, ते घरी कळलं. फेसवर व्हाइटबोर्ड मार्करचा जाड ठिपका देऊन दहा बॉल मारले. ठिपका दरवेळी खालच्या बाजूला, टाचेकडे पुसलेला. फेसच्या खालच्या भागात लागलेला बॉल कमी उंचीने निघतो आणि जास्त फिरतो. क्लबची लांबी 45.75 इंच, माझी उंची 5 फूट 6 इंच. ग्रिप इंचभर खाली धरून परत दहा मारले. सात ठिपके मधोमध, बॉल स्पीड उलट 3 मैलांनी वाढला. लांब शाफ्टने (दांड्याने) लांब जातो हे बॉल मधोमध लागला तरच खरं.

3 मार्च

शाफ्ट मागच्या टोकाने अर्धा इंच कापला, नवी ग्रिप घातली, आठवडा खेळलो. फरक पडला पण पुरेसा नाही. मग आणखी अर्धा इंच. म्हणजे आणखी एक ग्रिप, 900 रुपये फुकट. आधी ग्रिपवर टेप गुंडाळून खूण करायची, त्या खुणेखाली हात धरून चार फेऱ्या खेळायच्या आणि मगच करवत लावायची. कापलेला शाफ्ट परत वाढत नाही.

दुसरी गोष्ट माझ्या लक्षातच आली नाही. इंचभर कापल्यावर स्विंगवेट (फिरवताना हेड किती जड लागतं त्याचं माप) सहा पॉइंटांनी उतरून D3वरून C7वर आलं. क्लब हातात पोकळ लागायला लागला, हेड कुठं आहे तेच कळेना आणि दोन शनिवार सगळं उजवीकडे गेलं. उपाय शिशाच्या पट्टीचा. दोन ग्रॅमला साधारण एक पॉइंट. ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर 8 ग्रॅम पट्टी तोलून घेतली आणि सोलला (क्लबच्या तळाला) मागच्या बाजूला चिकटवली. D1 झालं. हेड परत हाताला सापडलं.

17 मार्च

आता लाँच कमी पडत होता. स्लीव्ह (हेड आणि शाफ्ट जोडणारी, फिरवता येणारी नळी) फिरवून 9चा 10.5 केला, पान्याचं काम, दोन मिनिटं. पहिल्या टीवरून बॉल डावीकडच्या झाडांत, दुसऱ्यावरही तेच. स्लीव्हने लॉफ्ट वाढवला की फेस बंद होतो, कमी केला की उघडतो. लॉफ्ट पाहिजे आणि फेस सरळ पाहिजे, तर हेडच मूळ 10.5चं हवं. दुकानदाराने हेड बदलून दिलं, पण वापरलेलं म्हणून 9,000 कापले. त्याचं चुकलं असं म्हणणार नाही. 9चं मीच घेतलं होतं, तेही अंदाजाच्या स्पिनवर.

10.5चं हेड, स्लीव्ह शून्यावर, 44.75 इंच, D1. कॅरी 249, स्पिन 2,550. सहाच यार्ड वाढले, पण बॉलचा उजवा-डावा पसारा जवळजवळ निम्मा झाला. मला तेच हवं होतं.

थ्री वुडही नवा मारून पाहिला. जुना 222, नवा 225. तीन यार्डांसाठी 32,000 मोजायचे नाहीत. जुनाच राहणार.

9 एप्रिल, गुढीपाडवा

मुहूर्तावर वेजेस. लॉफ्टचं गणित या वेळी कागदावर आधी मांडलं: 44 नंतर 49, 54, 58. 49चा मला बाजारात मिळाला नाही, म्हणून 50/8 घेतला (50 लॉफ्ट, 8 बाउन्स, म्हणजे सोलची मागची बाजू पुढच्या कडेपेक्षा खाली ठेवणारा कोन) आणि एक अंश वाकवून 49 केला. 56/14 चा एक जुन्या मॉडेलचा वेज 11,000ला पडून होता, तो दोन अंश वाकवून 54 केला. इथं ध्यानात ठेवायचं की लॉफ्ट जितका घटवाल तितकाच बाउन्सही घटतो. 50/8 चा झाला 49/7, 56/14 चा झाला 54/12. मऊ कार्बन स्टीलचे हे वेजेस दोन अंशांपर्यंत निमूट वाकतात. वाकवायचे प्रत्येकी 300.

तिसरा 58/12, नवा, 15,500. तो मॅटवर मारून निवडला. माझा स्विंग बॉलवर उभा येतो, तेव्हा बाउन्स जास्त घ्या असं सांगितलं गेलं. पुस्तकी नियमाने ते बरोबरच आहे.

5 मे

पूर्ण फटक्यांचं छान चाललंय. पिचिंगपासून 58पर्यंत 131, 118, 104, 91. पायऱ्या सारख्या पडल्या. 115च्या आसपास उभा राहिलो की आता पोटात गोळा येत नाही.

ग्रीनभोवती मात्र 58ने घात केला. मे महिन्यातली जमीन म्हणजे भाजलेली वीट, वर बर्म्युडा गवताचा पातळ थर. सोळाव्या होलवर वीस यार्डांचा साधा पिच (आखूड, उंच फटका), बॉल ग्रीन ओलांडून मागच्या बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात). त्याच फेरीत असं तीनदा झालं.

संध्याकाळी सोलवर मार्करने आडव्या चार रेघा ओढल्या, पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत, आणि चिपिंग ग्रीनच्या बाजूच्या उघड्या जमिनीवरून पंधरा बॉल मारले. क्लब उलटा करून पाहिलं. मागच्या दोन रेघा साफ पुसलेल्या, पुढची जशीच्या तशी, ओली असल्यासारखी चकचकीत. म्हणजे सोलचा मागचा भाग आधी टेकतो, क्लब उसळतो आणि पुढची कड बॉलच्या पोटावर आदळते. रेंजची मॅट हे लपवते. मॅटवर मागे टेकलेला क्लबही घसरत बॉलखाली जातो आणि फटका चांगला वाटतो. वेजचा बाउन्स मॅटवर ठरवता येत नाही. या सगळ्या नोंदींतलं एकच वाक्य वाचायचं असेल तर हे वाचा.

19 मे

58/6 वापरलेला मिळाला, 8,500ला. फेसवरच्या खाचांच्या कडा नखाला अजून लागतात, ते बघूनच घेतला. विकणाऱ्याकडे एक फारच जुना वेजही होता, स्वस्तात. पण 2010पासून खाचांच्या आकारावर आणि कडांच्या धारेवर मर्यादा आली आहे. स्पर्धा खेळणाऱ्याने त्याआधीच्या वेजच्या नादी लागू नये.

कडक जमिनीवर 58/6 एकदम सुरेख चालतो. पुढची कड जमिनीला चिकटून बसते. 58/12 विकायला काढला, गिऱ्हाईकही लागलं होतं.

2 जून

सेव्हन वुड. थ्री हायब्रिडच्या जागी 21 अंशांचा, फक्त हेड, वापरलेलं, 14,000. आधी मारून पाहिला होता. हायब्रिड 201 जातो पण 39 अंशांत उतरतो, सेव्हन वुड 207 जातो आणि 46 अंशांत उतरतो. उन्हाळ्यातल्या कडक ग्रीनवर 200 यार्डांवरून थांबायचं तर बॉल वरूनच पडायला हवा. यावर कुणाला पटवायची गरज पडू नये.

शाफ्टने मात्र रडवलं. हायब्रिडचा चांगला शाफ्ट घरात होता, तोच बसवू म्हटलं. हायब्रिडच्या शाफ्टचं टोक 0.370 इंच, वुडचं 0.335. आत जातच नाही. मग वुडचा शाफ्ट मागवला, 7,500. त्याला दुसऱ्याच कंपनीचा स्लीव्ह निघाला. स्लीव्ह कंपनीगणिक वेगळे असतात, एकाच कंपनीच्या दोन पिढ्यांचेही जुळतील याची खात्री नाही. हीट गनने स्लीव्ह तापवून काढायला बसलो. ग्रॅफाइटवर उष्णता बेताची द्यायची आणि स्लीव्ह सरळ रेषेत ओढायचा, पिळायचा नाही. मी पिळला. करकर आवाज आला. स्लीव्ह निघाला, पण टोकाशी तंतू उसासारखे उकलले होते. शाफ्ट गेला. शेवटी दुरुस्तीवाल्याने योग्य स्लीव्हसकट दुसरा दिला, ग्रिप धरून 8,000. इपॉक्सी पूर्ण वाळायला 24 तास, तोवर क्लब हलवायचाही नाही.

23 जून

पाऊस चांगला पडून गेलाय. जमीन लोण्यासारखी. 58/6ने पहिल्या चारपैकी तीन पिच फॅट, म्हणजे क्लब बॉलच्या आधी जमिनीला लागलेला. एकदा तर क्लब बॉलच्या मागे रुतला आणि बॉल दोन पावलं सरकला.

माझ्याबरोबर जे कॅडीकाका असतात, ते तिथं तीसेक वर्षं बॅग उचलत आहेत. त्यांनी उडालेला डिव्हट (क्लबने उचकटलेला गवताचा तुकडा) उचलून हातात घेतला. तळहाताएवढा आणि बाजरीच्या भाकरीसारखा जाड, खाली काळी माती लोंबत होती.

"साहेब, हा क्लब मातीत घुसतोय. उन्हाळ्यात ठीक होता, आता नाय चालायचा."

"मग काय करू, काका?"

"तो जाड बुडाचा होता ना, पाडव्याला आणला होता? तो कुठं आहे?"

"विकायला काढलाय."

"विकू नका. पावसात तोच पाहिजे."

जाड बूड आणि पातळ बूड. बाउन्सला यापेक्षा चांगला शब्द मला तरी सापडलेला नाही. घरी येऊन गिऱ्हाइकाला फोन केला, क्षमा मागितली आणि 58/12 ठेवून घेतला. मे महिन्यात या क्लबला मी वाईट ठरवलं होतं. क्लब वाईट नव्हता, महिना चुकीचा होता. आपल्याकडे एकाच कोर्सवर वर्षात दोन वेगळ्या जमिनी असतात आणि फिटिंग मात्र एकदाच, एकाच मॅटवर होतं.

7 जुलै

58/12ने बंकरमध्ये काय मजा आली! भिजलेली वाळू, तरी क्लब आत जाऊन अडकत नाही, वाळू घेऊन बाहेर येतो. अमेरिकी गोल्फपटू जीन सारझनने सँड वेजच्या सोलला डाख देऊन मागची कड पुढच्यापेक्षा खाली आणली आणि तोच क्लब घेऊन 1932ची ब्रिटिश ओपन जिंकली. आज ते हाताला कळलं. (लख्ख कोरड्या, घट्ट वाळूत मात्र पातळ बूडच बरं.)

याच आठवड्यात ओल्या बॉलची चाचणी केली. 70 यार्डांचा फटका, प्रत्येक प्रकारे आठ बॉल. कोरडा बॉल, कोरडा फेस: स्पिन 9,400. फेस आणि बॉलवर पाणी शिंपडून: 5,600, आणि बॉल सहा अंश जास्त उंच निघाला. जुना झिजलेला 60चा वेज ओला करून: 3,900. पावसाळ्यात वेज बॉल मागे ओढत नाही म्हणून स्विंग बदलायला जाऊ नका. दोन टॉवेल ठेवा, एक बॅगेच्या आत कोरडा, आणि फटक्याआधी फेस पुसा. खाचा गुळगुळीत झाल्या असतील तर पावसाळ्याच्या आधी वेज बदला, नंतर नाही.

4 ऑगस्ट

25 जुलैला पुण्यात तो प्रचंड पाऊस झाला, त्यानंतर आज पहिली फेरी. फेअरवेवर (ग्रीनकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) बॉल पडतो तिथंच रुततो, रन (पडल्यावर घरंगळणं) शून्य. मे महिन्यात ड्रायव्हरला 30 यार्ड रन मिळत होता, तेव्हा 9 अंशांचा असता तरी भागलं असतं. आज 10.5चे पैसे वसूल झाले. सेव्हन वुडने रफमधून दोनदा वाचवलं. ओल्या लांब गवतात हायब्रिडपेक्षा तो मला सोपा जातोय, हे मात्र अपेक्षित नव्हतं.

1 सप्टेंबर

चेंबूरला फेरी. सगळे वेजेस दोन यार्ड, मधले आयर्न तीन-चार यार्ड कमी, ड्रायव्हर पाच. पुण्याच्या उंचीवर बॉल साधारण दोन टक्के जास्त जातो, तो हिशोब इथं उलटा लागतो. पायऱ्या मात्र सारख्याच राहिल्या. बॅगेच्या कप्प्यात आता दोन चिठ्ठ्या आहेत, एक येरवड्याची, एक चेंबूरची.

12 ऑक्टोबर, दसरा

खर्च. ड्रायव्हर 54,000, हेडबदल 9,000, इनडोअर फिटिंग 3,500, रडार 3,000, दोन ग्रिप 1,800, शिशाची पट्टी 400. सेव्हन वुडचं हेड 14,000, मोडलेला शाफ्ट 7,500, दुसरा 8,000. वेजेस: 50चा 15,500, 56चा 11,000, 58/12 चा 15,500, 58/6 चा 8,500, वाकवणावळ 600. एकूण 1,52,300. जुने तीन वेजेस आणि थ्री हायब्रिड विकून 16,000 आले. निव्वळ 1,36,300. यातले हेडबदल, मोडलेला शाफ्ट, इनडोअर फिटिंग आणि एक ग्रिप मिळून 20,900 निव्वळ चुकीचे. ते वाचले असते तर 1,15,400मध्ये, बजेटच्या आत झालं असतं.

105 ते 130 यार्डांतले फटके जूनपासून 38 मारले, ग्रीनवर 23. इंडेक्स 5.1.

बॅग: ड्रायव्हर, थ्री वुड, सेव्हन वुड, फोर हायब्रिड, पाच ते नऊ आयर्न, पिचिंग, 49, 54, 58, पटर. सकाळी सगळे क्लब पाटावर मांडले, बायकोने हळदकुंकू लावलं, झेंडूची फुलं वाहिली. पाटावर पंधरा होते, बॅगेत चौदाच नेता येतात. जमीन वाळायला लागली आहे. 58/6 बॅगेत गेला. 58/12 पुसला, त्याच्या सोलला शिलाई मशिनच्या तेलाचा हात दिला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि वर "जून" लिहून कपाटात ठेवला.